डायव्हिंगचं होकायंत्र: आधी आमराईत, मग मालवणात

सांगलीत कृष्णा आहे, समुद्र नाही. म्हणून हे मनगटी होकायंत्र आधी आमराईत तपासलं. डोक्यावर टॉवेल, नजर फक्त तबकडीवर, नव्वद अंशांची वळणं घेत चौकोन पुरा केला की निघालो तिथंच यायला हवं. आलो. फिरायला आलेल्या एका काकांनी माझ्या बायकोला हळूच विचारलं, "ह्यांना काय झालंय ओ?"

मालवणात पाणी गढूळ होतं, त्यामुळं होडी शोधायला डोळ्यांचा उपयोग नव्हता. नांगराच्या दोरीपासून प्रवाहाच्या विरुद्ध, 240 अंशांवर निघालो, परतीला 240 वजा 180, म्हणजे 60. ही वजाबाकी पाण्याखाली करावी लागत नाही. तबकडीभोवतीच्या फिरत्या कड्यावरच्या विरुद्ध बाजूच्या खुणेत सुई येईपर्यंत अंगासकट वळायचं, झालं. कडं हातमोज्यातही फिरतं, बाजूच्या खिडकीतून आकडा वाचता येतो.

पट्टा मात्र भिकार. खोल गेल्यावर दाबानं वेटसूट (डायव्हिंगचा रबरी पोशाख) आकसतो आणि हा सैल होऊन मनगटाभोवती फिरतो. लवचिक दोरी बांधून घ्या. तबकडी जरा तिरकी झाली की सुई अडकते. चुंबकाचं बटण असलेली टॉर्च जवळ आणली तर भलतीच दिशा दाखवते.

आणि किती लांब आलात, प्रवाहानं बाजूला किती ढकललं, हे कुठलंच होकायंत्र सांगत नाही. पायांचे फटके मोजा, तळाच्या वाळूवर उमटलेल्या लाटा बघून ठेवा. त्या बहुधा किनाऱ्याला समांतर असतात. दोरी सापडली नाही तर शोधत हवा संपवू नका, सावकाश वर येऊन होडी बघा.