गाडीतला कुबट वास: ओझोन मारून घ्यावा की कार्पेट उचलावं?

गाडीतला वास धुऊन-पुसूनही जात नाही, अशी वेळ आली की खरे पर्याय दोनच उरतात. एक, गाडी कुणाच्या तरी ताब्यात देऊन आत ओझोन मशीन लावून घ्यायचं. दुसरा, वास कुठून येतोय ते हुडकून तेवढीच जागा उघडायची, धुवायची आणि वाळवायची. आरशाला लटकवायच्या सुगंधी बाटल्या मी यात धरत नाही. त्यांनी वास जात नाही, फक्त आणखी एकाची भर पडते. कोळशाच्या पिशव्या त्यापेक्षा बऱ्या. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो, त्यामुळे उरलासुरला वास त्या टिपतात. पण कार्पेटखाली पाणी साचलं असेल तर बिचाऱ्या पिशवीनं किती टिपायचं?

मी हे दोन्ही एकाच गाडीवर, एकाच वासासाठी करून पाहिलंय. त्यामुळे पुढचं थोडं एकतर्फी वाटलं तर समजून घ्या.

आधी ओझोनची बाजू. ओझोन म्हणजे तीन अणूंचा ऑक्सिजन. त्यातला एक अणू दुसऱ्या कशाला तरी चिकटायला टपलेला असतो आणि वासाच्या रेणूंशी त्याची प्रक्रिया झाली की तो वास मोडतो. वायू असल्यामुळे तो एसीच्या जाळ्यांत, छताच्या कापडात, सीटबेल्टच्या पट्ट्यात शिरतो. तिथे फडकं कधीच पोचत नाही. सिगारेटच्या वासाला तर याच्याइतका सोपा उपाय मला माहीत नाही. धुराचा पातळ थर सगळीकडेच बसलेला असतो, त्यामुळे एक ठिकाण शोधण्यात अर्थच नसतो. काचा आणि प्लास्टिक आधी पुसून घ्या आणि मग मशीन लावा. शिवाय तुम्हाला स्वतः काही करावं लागत नाही. गाडी द्यायची, संध्याकाळी परत आणायची.

तोटेही आहेत. ओझोन फुप्फुसांना त्रास देतो. अमेरिकेत कामाच्या जागेसाठी त्याची कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या सरासरीनं ०.१ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग, इतकी कमी आहे. तिथल्या पर्यावरण संस्थेचं म्हणणं असं, की आरोग्याला सुरक्षित पातळीत तो वासाचं फारसं काही करू शकत नाही. म्हणजे वास घालवायचा तर मात्रा वाढवावी लागते आणि तेव्हा आत कुणीही असता कामा नये, माणूस नाही आणि प्राणीही नाही. नंतर दारं सताड उघडी ठेवून गाडी नीट हवेशीर करावी लागते. रबरालाही तो मानवत नाही. नैसर्गिक रबराला त्यानं भेगा पडतात. एखाद्या वेळेला दारांच्या बीडिंगचं काही बिघडत नसावं, पण दर दोन-तीन महिन्यांनी मारून घ्यायची ही गोष्ट नव्हे.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला नडली ती वेगळीच गोष्ट: ओझोन वासाचा माग पुसून टाकतो.

माझी गाडी मशीन लावून परत आली तेव्हा खरंच छान होती. हवेतला, कापडावरचा वास गेला होता. खाली फोममध्ये मुरलेला ओलावा मात्र तसाच होता, कारण ओझोनचं काम वरवरच्या थरातच संपतं. हवा दमट झाली, गाडी बंद राहिली आणि वास हळूहळू परतला. मधल्या काळात मी शोधणार तरी काय? नाकाला काहीच लागत नव्हतं. जागा सांगणारा एकच साक्षीदार होता, त्यालाच गप्प केलेलं. पुन्हा वास नीट यायची वाट बघत बसणं हा प्रकार मला फार त्रासदायक वाटला. कुणाला तो किरकोळही वाटेल.

दुसऱ्या रस्त्याला नाकच लागतं, पण ते पटकन सरावतं आणि काही मिनिटांतच काही कळेनासं होतं. म्हणून रात्रभर बंद असलेली गाडी सकाळी उघडताना पहिल्या श्वासाकडे लक्ष द्यायचं. पंखा लावायच्या आधीच कुबट वास आला, तर दोष बहुधा कार्पेटात, सीटमध्ये किंवा डिकीत असतो. स्टेपनीचा खड्डा अवश्य बघा, तिथे पाणी साचलेलं महिनोन्महिने कळत नाही. गाडी उघडताना काही नाही, पण एसी लावल्याबरोबर ओल्या मोज्यांसारखा भपकारा आला आणि थोड्या वेळानं विरला, तर कूलिंग कॉइल. तिच्यावर सतत पाणी सुटतं आणि त्या ओलाव्यात बुरशी धरते. एसीच्या हवेचा फिल्टर बदलायचा, कॉइलवर फेसाचा क्लीनर मारायचा आणि मुक्कामाच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवायचा, म्हणजे कॉइल वाळते. ब्लोअर लावताच सडका वास येत असेल तर फिल्टरच्या कप्प्यात उंदीर मरून पडलेला असू शकतो. त्याला फक्त हातमोजेच चालतात.

काही वास या तुलनेत बसतच नाहीत. गोडसर वास आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं आलं, तर हीटरमधून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळतोय. पेट्रोलचा किंवा एक्झॉस्टचा वास आला तर गाडी सरळ गॅरेजला न्यायची. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःला वास नसतो, त्यामुळे धुराचा वास मारून टाकणं म्हणजे इशाराच मारून टाकणं.

माझ्या बाबतीत निघालं ते अगदी साधं. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी कचऱ्यानं तुंबली होती आणि ते पाणी ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायापाशी कार्पेटखाली उतरत होतं. वरून हात फिरवला तर कोरडं. टिश्यू ठेवून टाचेनं दाबल्यावर तो भिजला. नळी मोकळी करायला काहीच वेळ लागला नाही. सगळा वेळ गेला तो जाड फोम वाळवण्यात, कारण वरून पंखा लावून तो वाळत नाही, कार्पेट उचलून खालून हवा द्यावी लागते. तेवढे दिवस गाडी अडकून पडते, हा या रस्त्याचा खरा तोटा. कार्पेटच्या क्लिपा तुटतात तो वेगळा. सीट काढायची वेळ आली तर खालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असू शकतात, ते काम जाणत्याकडेच द्या.

दूध सांडलं असेल तर वाळवून भागत नाही. तिथे एन्झाइमचा क्लीनर लागतो आणि दूध जितकं खोल मुरलंय तितकाच तोही मुरायला हवा, काही तास ओला राहायला हवा. वरवर फवारून पुसून घेतलं की लोक म्हणतात, उपयोग होत नाही. आधी जंतुनाशक ओतलं असेल तरीही होत नाही, कारण त्यानं एन्झाइम निकामी होतात.

तर, गाडी लगेच विकायची असेल, वास सिगारेटचा असेल किंवा वेळच नसेल, तर ओझोन घ्या. त्यात वाईट काही नाही. गाडी स्वतःच वापरायची असेल आणि वास कुबट किंवा आंबूस असेल, तर मी तरी आधी कार्पेट उचलेन. ओझोन हवाच असेल तर सगळं वाळल्यावर, अगदी शेवटी. आणि मशीनवाल्याकडे गाडी देण्याआधी त्याला विचारा, खालचा फोम ओला आहे का ते तो तपासतो का. नाही म्हणाला, तर टिश्यू घेऊन ते स्वतःच तपासा आणि मगच गाडी द्या.