मोठ्यांची ॲलिस: चहापान रंगलं, टोपी नडली

लुईस कॅरलच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ या बालकथेतली ॲलिस १८६५ सालची. नाशिकला कालिदास कलामंदिरात झालेल्या या संगीत नाटकात ती चाळिशीची, घराचे हप्ते फेडणारी बाई आहे, आणि हा बदल घट्ट बसतो. मूळ कथेत टोपीवाला या विक्षिप्त पात्राचा काळ चहाच्या वेळेवर, सहा वाजताच, अडकलाय, म्हणून चहापान संपतच नाही. इथे तीच ऑफिस सुटण्याची वेळ. ‘शेवटचा कप’ हे पालुपद दर खेपेला चढ्या लयीत येतं, शेवटी तबला थांबतो आणि नुसती टाळी उरते. अप्रतिम!

पण टोपीवाल्याचे शब्द कळत नाहीत. माइक कपाळावर, केसांच्या कडेला लावलाय. टोपीच्या रुंद काठावर आपटून आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि पोकळ होतो. माइक कानावरून गालापाशी आणला की निम्मं काम होईल. उरलेलं कीबोर्डवाल्याच्या हातात: गायक खालच्या पट्टीत असताना डावा हात आवरायचा.

राणीचा खटला लांबलाय, दोन कडवी सहज गळतील. खेळातल्या पत्त्यांच्या नाचाची मांडणी मागच्या रांगांतून छान दिसते. शब्द ऐकायचे तर मधल्याच रांगा घ्या. लहान मुलांना नेऊ नका, हप्त्यांची गाणी त्यांच्यासाठी नाहीत.