‘हे काडतूस आता मिळत नाही’ असं सांगून माझी रायफल कापली गेली

हे लिहायला मला तीन वर्षं लागली. रायफल माझी असली तरी ती मी विकत घेतलेली नव्हती, विश्वासाने माझ्या हातात आलेली होती.

मी मूळचा साताऱ्याचा, बावीस वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे. आमच्या घराण्यात कुणी बंदुकीला हात लावला नव्हता. इथे हरणाची शिकार मला शेजारच्या आजोबांनी शिकवली. पहिली चार वर्षं तर त्यांनी मला नुसतं सोबत बसवलं. वारा कुठून येतो ते बघ, समोर हरीण दिसलं की त्याच्या मागे काय आहे ते आधी बघ, असं सांगत राहायचे. ते गेल्यावर आजींनी मला बोलावून त्यांची रायफल दिली, सोबत काडतुसांचे दोन डबे.

ही रायफल आजोबांच्या वडिलांनी 1938 मध्ये एका कारागिराकडून मुद्दाम बनवून घेतलेली. मूळ सांगाडा पहिल्या महायुद्धातल्या मॉडेल 1917 लष्करी रायफलीचा, एडीस्टोनच्या कारखान्यातला. एडीस्टोन आमच्या राज्यातलंच, फिलाडेल्फियाजवळ. अशा सुमारे 22 लाख रायफली तीन कारखान्यांत बनल्या, त्यातल्या निम्म्याच्या आसपास एडीस्टोनला. सांगाडा लांब आणि दणकट, म्हणून त्या काळचे कारागीर मोठ्या काडतुसासाठी तोच निवडत. या रायफलीला अक्रोडाचा दस्ता, त्यावर हाताने कोरलेली जाळी, बॅरलवर कारागिराचं नाव आणि ‘300 मॅग्नम’ एवढीच अक्षरं. म्हणजे .300 हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम, 1925 चं काडतूस. 1935 मध्ये ओहायोतल्या कॅम्प पेरीला 1000 यार्डांची विंबल्डन कप स्पर्धा याच काडतुसावर जिंकली गेली आणि मग ज्याला-त्याला ते हवं झालं. आजोबांच्या वडिलांनाही.

या काडतुसाची पुंगळी, म्हणजे दारू भरलेली पितळी नळी, लांब आणि निमुळती असते; ती अरुंद होते तिथला खांदा जवळजवळ नसल्यासारखा. हिंदुस्थान-आफ्रिकेच्या उन्हातही ती चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या काडतूस बसायच्या पोकळीत, अडकू नये, सहज बाहेर यावी, हा त्यातला विचार. पण असा उतरता खांदा काडतुसाला नीट थोपवत नाही. म्हणून बुडाशी एक पट्टा असतो. तो चेंबरमधल्या कडेला टेकतो आणि काडतूस तिथे थांबतं. हा पट्टा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच येतं.

2021 च्या उन्हाळ्यात मी मित्रांबरोबर कोलोरॅडोला एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचं ठरवलं. काडतुसं शोधायला लागलो तर दुकानांची फडताळं रिकामी. ज्यांना तो काळ आठवतो त्यांना माहीत आहे, तेव्हा एरवी सर्रास मिळणारी .30-06 काडतुसंसुद्धा मिळत नव्हती. एका गनस्मिथचं, म्हणजे बंदुकांच्या कारागिराचं, नाव कुणीतरी सुचवलं. त्याने रायफल हातात घेतली, बोल्ट मागे-पुढे केला आणि म्हणाला, “सुंदर आहे. पण हे काडतूस मेलंय. आता कुणी बनवत नाही.”

हे पहिलं खोटं. .300 हॉलंड तेव्हाही बनत होतं, आजही बनतं. थोडं बनतं, महाग असतं, शोधावं लागतं, पण मिळतं. त्या वर्षी सगळ्याच काडतुसांचा दुष्काळ होता आणि त्याने त्या दुष्काळाचाच पुरावा करून मला दाखवला. मी एक फोन केला असता तर कळलं असतं. केला नाही.

पुढचं सगळं अर्धं खरं होतं, म्हणून मी फसलो. तो म्हणाला, चेंबर .300 वेदरबी या जास्त जोरदार काडतुसासाठी कापून घे. पुंगळीचं घराणं तेच, बोल्टचं तोंड बदलावं लागत नाही, जुनी काडतुसं त्यात झाडली तरी पुंगळी फुगून नव्या आकाराची होते. हे खरं आहे. मग म्हणाला, एडीस्टोनचे कारखान्यातले बॅरल फार घट्ट बसवलेले असत, काढताना कधी कधी रिसीव्हरला, म्हणजे बॅरल ज्यात बसतो त्या सांगाड्याला, बारीक तडा जातो. तुझ्या रायफलीचा मूळ बॅरल 1938 मध्ये काढलेला आहे, तेव्हा चुंबकीय तपासणी करायलाच हवी. हेही खरं आहे. “बॅरल काढतो, रिसीव्हर तपासतो, बॅरल थोडा मागे घेऊन लेथवर नवं चेंबर कापतो.” अकराशे पन्नास डॉलर. वर म्हणाला, किंमत वाढेल आणि नकोसं झालं तर परत पूर्ववत करता येतं. ही शेवटची दोन वाक्यं धादांत खोटी होती.

सहा आठवड्यांनी रायफल आली. पावतीवर फक्त ‘चेंबरचे काम व तपासणी’ आणि एकरकमी आकडा. मी समाधानाने घरी आणली.

रेंजवर 100 यार्डांवर पूर्वी दीड इंचात बसणाऱ्या गोळ्या पाच इंचांत विखुरल्या. सातव्या काडतुसानंतर बोल्ट उघडायला तळहाताचा धक्का द्यावा लागला. शेजारच्या बाकावरच्या एका वयस्कर नेमबाजाने माझी पुंगळी उचलून चष्म्याजवळ धरली आणि माझ्या हातातली रायफल खाली ठेवायला लावली. पट्ट्याच्या थोडं पुढे पुंगळीभोवती एक चकचकीत रेघ होती. धातू ताणून पातळ झाल्याची ती खूण. अजून थोडी ताणली असती तर पुंगळी आतच तुटली असती आणि 65,000 पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) दाबाचा वायू मागे माझ्या चेहऱ्याकडे आला असता.

त्यांनीच दुसऱ्या गनस्मिथचा पत्ता दिला. या माणसाने आधी तोंडाने काही सांगितलं नाही, एकेक करून दाखवलं. चेंबरची खोली तपासायच्या ‘नो-गो’ गेजवर बोल्ट बंद होता कामा नये, तो सहज बंद झाला. म्हणजे रीमर, चेंबर कापायचं हत्यार, गरजेपेक्षा आत गेला होता आणि पट्टा जिथे टेकतो ती कडच पुढे सरकली होती. चेंबरचा साचा काढला तर मागचं तोंड ऐसपैस आणि एका बाजूला कललेलं. मग त्याने दस्ता उतरवला. बॅरल आणि रिसीव्हरच्या सांध्यावर 1938 च्या कारागिराने ठोकलेली खुणेची रेघ जशीच्या तशी जुळत होती, सांध्यात जुनं काळं तेल साकळलेलं होतं. बॅरल मागे घेतला असता तर त्याची जाडी दस्त्यातल्या खोबणीशी जुळली नसती. आणि ती रेघ तर केसभरही हललेली नव्हती.

बॅरल कधी काढलाच नव्हता. रिसीव्हरमधून लांब दांड्याचा रीमर घालून हाताने फिरवला होता. एका दुपारचं काम. बॅरलवर नव्या काडतुसाचं नावही टाकलेलं नव्हतं. ‘300 मॅग्नम’ हीच जुनी अक्षरं. उद्या मी नसताना ही रायफल कुणाच्या हाती गेली असती आणि त्याने त्या अक्षरांवर विसंबून .300 विंचेस्टर मॅग्नम आत घातलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने आजही मला झोप लागत नाही.

दुसऱ्याने रिसीव्हर खरोखर तपासला. तडा नव्हता. तो म्हणाला, बॅरल एक आटा, म्हणजे दशांश इंच मागे घेऊन वेदरबीचं चेंबर नीट कापता येईल. पण हॉलंड परत येणार नाही. वेदरबीची पुंगळी अंगाने जाड असते, ते भोक पुन्हा बारीक होत नाही. जुनं चेंबर हवं तर बॅरल मागून बराच कापावा लागेल आणि मग तो या दस्त्यात बसणार नाही. नाहीतर नवा बॅरल, म्हणजे कारागिराचं नाव गेलं.

मी स्थानिक न्यायालयात दावा लावला. पावती मोघम असल्याने तपासणीचे पैसे तेवढे परत मिळाले.

जुन्या रायफलीचं चेंबर बदलूच नये असं मी म्हणत नाही. झिजलेली, नावगाव नसलेली असेल तर खुशाल बदला. पण जिच्यावर बनवणाऱ्याचं नाव आहे, जी मूळ काडतुसावर नीट चालते आहे, तिला रीमर लावू देऊ नका. आणि द्यायचीच असेल तर दस्ता उतरवून त्या सांध्याचे फोटो आधी काढा, पावतीवर प्रत्येक काम वेगळं लिहून घ्या, परत आल्यावर चेंबरचा साचा आणि गेजचं माप तुमच्या डोळ्यांसमोर दाखवायला सांगा. वेगाचं म्हणाल तर वेदरबी 180 ग्रेनची गोळी हॉलंडपेक्षा सेकंदाला 300-350 फुटांनी जास्त फेकतं. एल्कला त्याने काही फरक पडला नसता.

आजींना सांगायला मी दोन महिने लावले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग मला तळघरात घेऊन गेल्या. आजोबांच्या टेबलावर काडतुसं भरायचं यंत्र होतं, डाय होत्या, पेन्सिलीने लिहिलेली दारूच्या मापांची वही होती. आणि खोक्यांत, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या, .300 हॉलंडच्या कोऱ्या पुंगळ्या. मी मोजल्या. दोनशे चाळीस होत्या.