मुक्तांगण, पुणे : छत्तिसाव्या दिवसानंतरचा माझा अनुभव

मी राजगुरुनगरला राहते, घरी ब्लाउज शिवते. आमचे हे चाकणला एका कंपनीत सीएनसी मशीनवर आहेत. दारू सुटावी म्हणून यांना पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात भरती केलं त्याला आता दोन वर्षं आठ महिने झाले. माप द्यायला आलेल्या बायका दार लोटून घेतात आणि हळूच विचारतात, "ताई, ते केंद्र खरंच चांगलं आहे का हो?" शिलाई मशीनवर बसून पाच मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी काय काय करून झालं ते सांगते, म्हणजे माझं मत कुठून आलं ते कळेल. सासूबाईंनी आळंदीला नेऊन यांच्या गळ्यात माळ घातली. चाळीस दिवस टिकली, नंतर यांनीच ती काढून देव्हाऱ्यात ठेवली. मग मी एसटी स्टँडवरच्या जाहिरातीतला नंबर फिरवून 'न कळत दारू सोडवा' असली पुडी आणली आणि भाजीत घातली. रात्री हे पिऊन आले. तोंड लालबुंद झालं, उलट्या सुरू झाल्या, छातीत धडधड, घामाने बनियन ओलंचिंब. पुडीत काय होतं कोण जाणे, पण डॉक्टरांनी नंतर डायसल्फिराम नावाच्या गोळीबद्दल सांगितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. दारूचं शरीरात आधी एक विषारी द्रव्य बनतं आणि मग त्याचा निचरा होतो. ही गोळी तो निचरा अडवते. माणसाला सांगून, तपासण्या करून, त्याच्या संमतीने दिली तर ते औषध आहे. चोरून दिली तर जीव जाऊ शकतो. मी ते माझ्या हाताने कालवून वाढलं होतं. अजून कुणी पुडीचं नाव काढलं की मी शिवण बाजूला ठेवून आधी त्या बाईशी बोलते.

त्यानंतर दिरांनी आणि मी मिळून यांना खोलीत कोंडलं. दारू मिळाली नाही की आपोआप सुटेल, असं आम्हाला वाटलं होतं. पहिल्या दिवशी हात थरथरले. तिसऱ्या दिवशी हे भिंतीवरच्या मुंग्या झाडायला लागले. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. वारलेल्या सासऱ्यांशी बोलायला लागले, मला ओळखेनात. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी असा भ्रम होऊ शकतो, त्यात माणूस दगावतोसुद्धा, हे मला तिथल्या सिस्टरनी सांगितलं. दारू सोडवायची सुरुवात डॉक्टरसमोरच व्हायला हवी, हे मी तेव्हा शिकले.

नंतर एका खासगी केंद्राची चूक केली. नाव लिहीत नाही. रात्री गाडीतून चार माणसं आली आणि यांना उचलून घेऊन गेली. तीन महिने भेट नाही, फोन नाही. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला. तिथे मी एकदाही डॉक्टर पाहिला नाही. हे घरी आले तेव्हा पाठीवर वळ होते आणि चौथ्या दिवशी हातात क्वार्टर होती. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला मारहाणीपासून संरक्षण आहे, घरच्यांना भेटण्या-बोलण्याचा हक्क आहे. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मी सही केली होती. यांची विचारली नव्हती.

मुक्तांगणचं नाव माझ्या एका गिऱ्हाईकाने दिलं. आळंदी रोडला, येरवड्याजवळ मोहनवाडीत आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं. तेव्हा पुण्या-मुंबईत पोरं गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, नादाला लागत होती, त्यांच्यासाठी. पुढे दारूवालेच जास्त येऊ लागले. अनिताताई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. आता काम त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर बघतात. बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभागही आहे. बायका पीत नाहीत असं आपण धरून चालतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट नवीन होती. समुपदेशक माझ्याशी बोलायच्या आधी यांच्याशी बोलले. "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं. आमच्या घरात तीन वर्षांत यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हे बराच वेळ खाली बघत बसले आणि म्हणाले, "झोप लागत नाही, सकाळी घेतल्याशिवाय हात चालत नाही." तेवढंच. भांडण नाही, शपथ नाही.

उपचार पस्तीस दिवसांचे, तिथेच राहून. सुरुवातीचे दिवस शरीरातून दारू उतरवण्याचे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन. भिंतीवरच्या मुंग्या या वेळी आल्या नाहीत. पुढे सकाळी लवकर उठणं, योगासनं, प्रार्थना, आपलं काम आपण करणं, गटात बसून बोलणं, एकेकट्याचं समुपदेशन. तिथे पेशंट म्हणत नाहीत, रुग्णमित्र म्हणतात. आणि काम करणाऱ्यांतले कितीतरी जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत. यांच्यावर याचाच सगळ्यात जास्त परिणाम झाला असं मला वाटतं. "मशीनवर जाताना मी पाण्याच्या बाटलीत भरून नेत होतो," असं यांनी गटात सांगितलं, तेव्हा समोरचा माणूस म्हणाला, "मी थर्मासमध्ये." त्यानंतर यांना खोटं बोलायची गरज उरली नाही.

पण मला जे लिहायचं आहे ते मुख्यतः सहचरीबद्दल. व्यसनी माणसांच्या बायकांचा हा गट. मी नाइलाजाने गेले होते. म्हटलं, पितात हे आणि बोलवतात मला. गोल करून बसलेल्या बायका. एकीने सांगितलं की नवऱ्याच्या साहेबांना ती दर सोमवारी फोन करून "ताप आहे" म्हणायची. मी दचकले, कारण मीही तेच करत होते. उधारी मी फेडायची. ओकारी मी पुसायची, तीही सकाळी यांनी डोळे उघडायच्या आत, म्हणजे यांना काही दिसायलाच नको. शेजाऱ्यांना सांगायचं, "पडले मोटारसायकलवरून." या सगळ्याला मी संसार सांभाळणं म्हणत होते. तिथल्या ताईंनी दोष न देता एवढंच विचारलं, "त्यांच्या पिण्याची किंमत तुमच्या घरात कोण भरतं?" मी उत्तर दिलं नाही. बसमध्ये भोसरीपर्यंत रडले.

आणखी एक गाठ तिथेच सुटली. यांच्या पिण्याला मी कारण आहे असं सासरी बोललं जायचं आणि मीही ते आत कुठेतरी खरं धरलं होतं. दारूचं व्यसन हा आजार आहे, मेंदूची सवय त्याने बदलते, तो पुन्हा उलटू शकतो आणि तरीही आटोक्यात राहू शकतो, मधुमेहासारखा. हे त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या साधेपणाने सांगितलं की शेवटी माझ्या डोक्यात शिरलं. मग मी दोन गोष्टी ठरवल्या. साहेबांना खोटा फोन करायचा नाही. दारूची उधारी फेडायची नाही. बाकी जेवण द्यायचं, बोलायचं, मुलांसमोर अपमान करायचा नाही.

छत्तिसाव्या दिवशी हे घरी आले. केंद्राची परीक्षा खरं तर इथून सुरू होते. गल्लीत तेच दुकान, पगाराची तीच सात तारीख, तेच मित्र. पाठपुराव्याला येत राहायचं हे तिथे आधीच बजावलेलं होतं, आणि सोबत एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, मीटिंगला जायला सांगितलं होतं. या मीटिंगची सुरुवात अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून केली, आता आपल्याकडेही भरतात. फी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही. हे तिथे उभे राहून म्हणतात, "मी बेवडा, आजचा दिवस प्यायलो नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो शब्द बोचला. आता बोचत नाही.

पाचव्या महिन्यात चुलत दिराच्या हळदीला हे प्यायले. कोणाचाही दोष काढत नाही. कोणी ओतून पाजली नव्हती आणि उपचारांत काही राहून गेलं असंही नाही. फरक इतकाच की दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी स्वतः मला सांगितलं आणि आम्ही दोघं फोन करून गेलो. कुणी ओरडलं नाही. हळदीच्या आधीच्या आठवड्यात काय काय झालं ते समुपदेशकांनी तासभर विचारून घेतलं : झोप कमी झाली होती, दोन मीटिंगा बुडल्या होत्या, ओव्हरटाइम चालू होता. म्हणजे प्यायच्या आठ दिवस आधीच सुरुवात झाली होती. ही खूण आता आम्ही दोघंही ओळखतो. झोप उडाली की मी विचारते आणि हे चिडत नाहीत. तेव्हापासून दोन वर्षं तीन महिने झाले.

अडचणी आमच्या बाजूच्या होत्या. पस्तीस दिवस पगार बुडतो, त्याची तजवीज आधी करा. राजगुरुनगरहून जायचं म्हणजे माझा अख्खा दिवस जातो, लग्नसराईत ते जड पडतं. जाण्याआधी फोन करा आणि माणसाला फसवून नेऊ नका, "पुण्याला काम आहे" वगैरे सांगून. पुणे लांब असेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, जवळचं केंद्र विचारता येतं. कुठलंही केंद्र बघाल तर तीन गोष्टी विचारा : डॉक्टर कोण आहेत, घरच्यांना कधी भेटू देता, आणि घरी सोडल्यावर पुढे काय. तिसऱ्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं तर पैसे भरू नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सरकारी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या साधारण ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं निघालं. आमच्या एका आळीत मी मनातल्या मनात मोजते तर अकरा घरं आहेत.

त्यातल्या एका घरची बाई येत्या गुरुवारी माझ्याबरोबर येते आहे. समुपदेशकांशी फोनवर बोलून वेळ घेतली आहे. तिच्या नवऱ्याने अजून होकार दिलेला नाही. ती एकटीच येणार आहे.