घरगुती बिअरच्या बाटल्यांसाठी लाकडी क्रेट : बारा बाटल्यांच्या एका जोडसंचाचे परीक्षण

कापलेल्या फळ्या, बाजूच्या पट्ट्या, तळाचे प्लायवूड, कप्प्यांचे दुभाजक आणि स्क्रू अशा सुट्या स्वरूपात मिळणारा बारा बाटल्यांचा लाकडी क्रेट मी जोडून, भरून आणि पुरेसा काळ वापरून पाहिला आहे. त्याच्या भिंती आणि कोपरे उत्तम आहेत, तळ बदलून घ्यावा लागतो आणि कप्पे तर नव्यानेच करावे लागतात. क्रेट सुबक दिसतो, यात शंका नाही. परंतु घरी बिअर करणाऱ्याला त्याच्याकडून हवे असते ते एवढेच की भरलेल्या काचेच्या बाटल्या उभ्या राहाव्यात, एकमेकींवर आदळू नयेत आणि उचलताना तळ हातात येऊ नये. मी परीक्षण याच कसोट्यांवर केले आहे.

संच 500 मिलीच्या तपकिरी बाटल्यांसाठी आहे. या प्रकारच्या प्रचलित बाटलीचा व्यास सुमारे 68 मिमी आणि उंची सुमारे 260 मिमी असते, आणि भरल्यावर तिचे वजन 900 ग्रॅमच्या आसपास जाते. म्हणजे बारा बाटल्यांचे जवळजवळ 11 किलो आणि क्रेटचे स्वतःचे धरून एकूण 14 किलो होतात. निर्मात्याने चोवीसऐवजी बारा बाटल्यांचा आकार निवडला हे योग्यच केले, कारण दुप्पट मापाचा क्रेट भरला की तो जिन्यावरून एकट्याने नेणे धोक्याचे ठरते.

कोपऱ्यांची रचना हा या संचातला सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग आहे. टोकाच्या दोन फळ्या 18 मिमी जाडीच्या पाइनच्या आहेत आणि लांब बाजूंना प्रत्येकी तीन पट्ट्या बसतात. साध्या क्रेटमध्ये या पट्ट्यांचे स्क्रू टोकाच्या फळीच्या कापलेल्या कडेत, म्हणजे लाकडाच्या रेषांना समांतर शिरतात. तिथे आट्यांना पक्की पकड मिळत नाही आणि ओझे उचलता उचलता सांधे सैल होत जातात. या संचात आतल्या चारही कोपऱ्यांत उभ्या त्रिकोणी पट्ट्या दिल्या आहेत, आणि बाजूंचे स्क्रू त्या पट्ट्यांमध्ये रेषांना आडवे जातात. त्या बाटलीच्या आड येतील असे वाटेल, पण येत नाहीत. बाटली गोल असते आणि कप्पा चौकोनी, त्यामुळे कप्प्याचा कोपरा एरवीही रिकामाच राहतो. 72 मिमीच्या कप्प्यात 68 मिमी व्यासाची बाटली मधोमध ठेवली तर कोपऱ्यापासून काचेपर्यंत तिरके अंतर सुमारे 17 मिमी उरते, आणि 20 मिमी बाजूंची त्रिकोणी पट्टी त्यातली 14 मिमी जागाच व्यापते. वाया जाणारी जागा मजबुतीसाठी वापरण्याची ही युक्ती मला फार आवडली.

स्क्रूंसाठीची भोकेही आधीच पाडलेली आहेत, त्यामुळे पाइनच्या पट्ट्या टोकाशी चिरत नाहीत. सर्व सांध्यांना लाकडाचा पाण्याला टिकणारा गोंद लावावा, आणि तो सुकण्याआधी आतले दोन्ही कर्ण मोजावेत. आतली मापे 300 मिमी आणि 224 मिमी असल्यामुळे दोन्ही कर्ण सुमारे 374 मिमी यायला हवेत. त्यांत फरक राहिला तर चौकट तिरकी झाली असे समजावे, आणि मग कप्प्यांची जाळी आत नीट बसत नाही.

कप्प्यांच्या बाबतीत मात्र हा संच सपशेल कमी पडतो. दुभाजक 3 मिमी एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचे आहेत, त्यांच्या खाचा जाडीपेक्षा बऱ्याच रुंद आहेत आणि उंची जेमतेम 80 मिमी आहे. सैल खाचांमुळे जाळी वाकडी होते, कप्पे लहानमोठे होतात आणि क्रेट उचलताच सगळ्या बाटल्या खुळखुळतात. उंची कमी असल्याने कललेल्या बाटलीचा खांदा शेजारच्या बाटलीच्या खांद्याला लागतो. आतून दाब असलेल्या बाटल्यांच्या बाबतीत काचेवर काच आपटणे मुळीच परवडणारे नाही. शिवाय एमडीएफला पाणी सोसत नाही. बाटल्या धुऊन ओल्याच ठेवल्या, किंवा एखाद्या बाटलीतून थोडी बिअर पाझरली, तरी त्याच्या कडा फुगतात आणि एकदा फुगलेल्या कडा पूर्ववत होत नाहीत.

उपाय कठीण नाही. 4 मिमी प्लायवूडच्या 130 मिमी उंचीच्या पाच पट्ट्या कापाव्यात : दोन 300 मिमी लांबीच्या आणि तीन 224 मिमीच्या. लांब पट्ट्यांवर एका टोकापासून 74, 150 आणि 226 मिमीवर, तर आखूड पट्ट्यांवर 74 आणि 150 मिमीवर खाचांच्या मध्यरेषा आखाव्यात. प्रत्येक खाच 65 मिमी खोल, म्हणजे पट्टीच्या निम्म्या उंचीपर्यंत घ्यावी; लांब पट्ट्यांच्या खाचा वरून आणि आखूड पट्ट्यांच्या खालून ठेवल्या की पट्ट्या एकमेकींत अडकतात आणि सर्व बारा कप्पे बरोबर 72 मिमीचे होतात. खाचेची रुंदी पट्टीच्याच एका तुकड्यावर तपासून घ्यावी. तुकडा हाताने ढकलल्यावर जावा, आपोआप पडू नये. जाळी चौकटीला चिकटवू नये, कारण ती बाहेर काढता आली तरच क्रेट आतून नीट पुसता येतो.

तळाची उणीव पहिल्यांदा क्रेट भरला तेव्हा दिसत नाही, आणि म्हणूनच ती अधिक गंभीर आहे. 6 मिमीचे प्लायवूड खालून स्क्रूने भिंतींना लावायचे आहे, त्यामुळे क्रेट उचलला की बाटल्यांचा 11 किलो भार ते स्क्रू सरळ खाली ओढत राहतो. तळ खोबणीत बसवला असता तर तो भार लाकडावर आला असता. खोबण पाडण्याची सोय प्रत्येकाकडे नसते, म्हणून मी पुढील बदल सुचवतो. भिंतींच्या आतल्या बाजूला, खालच्या कडेशी जुळवून, 12 मिमी जाडीच्या पट्ट्या गोंद आणि स्क्रूने पक्क्या कराव्यात. संचातलेच प्लायवूड आतल्या मापाला कापून, चारही कोपरे त्रिकोणी पट्ट्यांसाठी छाटून, वरून त्यांवर ठेवावे. आता स्क्रूंना ओढ बसत नाही, आडवा भार बसतो, आणि तो ते सहज पेलतात.

हा बदल करताना उंचीचा हिशेब मात्र सोडू नये. भिंती 290 मिमी उंच आहेत; मूळ रचनेत बाटलीच्या वर 30 मिमी जागा राहते, आणि वरच्या क्रेटच्या तळाखालच्या 18 मिमीच्या दोन पट्ट्या खालच्या क्रेटच्या तोंडात उतरून क्रेट सरकू देत नाहीत. तळ आत घेतल्यावर बाटलीवर 12 मिमी जागा उरते. पण त्याच पट्ट्या आता क्रेटच्या खाली 6 मिमीच डोकावतात, म्हणून थर लावल्यावरही झाकण आणि लाकूड यांत 6 मिमी अंतर राहते. क्रेटवर क्रेट रचताना वरचा भार भिंतींनीच झेलला पाहिजे. तो झाकणांवर आला तर झाकणाची पकड सैल होऊन वायू निसटू शकतो. तारेच्या क्लिपची झाकणे असलेल्या बाटल्या बऱ्याचदा अधिक उंच असतात, त्यांना या क्रेटमध्ये थर लावून ठेवू नये.

बाजूच्या पट्ट्यांमध्ये 10 मिमीच्या फटी आहेत. हवा खेळती राहते आणि ओल साचत नाही, हे चांगले. पण त्यांतून उजेडही आत येतो. हॉप्समधून, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधून, बिअरमध्ये उतरलेली कडू द्रव्ये निळ्या आणि अतिनील प्रकाशाने विघटित होतात आणि त्यांच्यापासून गंधकयुक्त, अत्यंत उग्र वासाचे संयुग तयार होते. तपकिरी काच यातला बराच प्रकाश अडवते, हिरवी फारच थोडा आणि पांढरी जवळजवळ काहीच नाही. तपकिरी बाटल्या अंधाऱ्या खोलीत ठेवणाऱ्याला या फटींची चिंता नको. इतरांनी क्रेटवर जाड कापड टाकावे.

नुकत्याच भरलेल्या बाटल्यांसाठी फटींचा आणखी एक विचार करावा लागतो. बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून लिटरमागे 6 ते 7 ग्रॅम साखर घालून बाटल्या साधारण 20 अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवतात, आणि तेवढ्यात आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा सुमारे दोन वातावरणांनी अधिक होतो. चांगली बाटली तो सहज सोसते. परंतु मुख्य किण्वन, म्हणजे यीस्टमुळे होणारे आंबणे, पुरे होण्याआधीच बाटल्या भरल्या किंवा साखर अधिक पडली, तर दाब वाढत जातो आणि बाटली फुटू शकते, आणि काचेचे तुकडे या फटींतून बाहेर उडू शकतात. ते दोन आठवडे क्रेट झाकणाच्या मोठ्या प्लास्टिक पेटीत ठेवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. निर्मात्याने सूचनापत्रात याचा उल्लेखही केलेला नाही, तो असायलाच हवा होता.

लाकडाला कोणतेही पॉलिश केलेले नसते, आणि आतून ते तसेच ठेवणे बरे. बाहेरून पाण्यात मिसळणाऱ्या वॉर्निशचे दोन हात पुरतात. जवसाचे तेल वापरायचे असेल तर तेलाने भिजलेले फडके चुरगळून टाकू नये. ते सुकताना उष्णता निर्माण होते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते मोकळ्या हवेत पसरून वाळवावे.

ज्यांच्याकडे करवत, ड्रिल आणि गुण्या आहे आणि जे कप्प्यांसाठी प्लायवूड कापणारच आहेत, त्यांना भिंतीही स्वतः करणे जड जाणार नाही; कोपऱ्यांची त्रिकोणी पट्टी तेवढी या संचातून उचलावी. जुन्या पॅलेटचे, म्हणजे मालवाहतुकीच्या लाकडी बैठकीचे, लाकूड वापरणाऱ्यांनी त्यावरचा शिक्का पाहावा : एचटी म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, आणि एमबीचे लाकूड घरात आणूच नये. ज्यांना फळ्या सरळ आणि काटकोनात कापण्याची सवय नाही, त्यांच्यासाठी हा संच घेण्याजोगा आहे, मात्र दुभाजकांचे प्लायवूड दुकानातूनच मापाला कापून घ्यावे. मागणी नोंदवण्याआधी आपल्याकडच्या सर्वांत जाड आणि सर्वांत उंच बाटलीचे माप घ्यावे. व्यास 70 मिमीच्या किंवा उंची 264 मिमीच्या पुढे गेली, तर वर दिलेली मापे तिला चालणार नाहीत.