डिस्क ब्रेकच्या नावाखाली भंगार लावून दिलं, जुन्या गाडीवाल्यांनी नक्की वाचा

आमच्याकडे बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे बंद डब्यात आतून शू घासणारे. पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिले दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत, म्हणून समोर डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या उघड्या तबकडीला पॅड दाबणारे, लावायचं ठरवलं. इथल्याच एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "भाऊ, नवीन किट आहे, सगळं मिळून ३४ हजार." २० हजार ॲडव्हान्स दिला, बिल मागितलं तर म्हणे गाडी नेताना देतो, ते आजपर्यंत दिलं नाही.

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) लाल रंगात चकाचक. पॅडल स्पंजसारखं दबत होतं, विचारलं तर म्हणे पॅड नवीन आहेत, बसतील हळूहळू. मी विश्वास ठेवला.

रविवारी आईला घेऊन रामटेकला गेलो. जातानाच समोरून जळका वास येऊन राहिला होता आणि गडावरून उतरताना पॅडल एकदम खाली गेलं, पंप केलं तरी काहीच नाही. हँडब्रेक मागच्या ड्रमवर केबलनं चालतो म्हणून वाचलो, तो हळूहळू ओढत, गिअर उतरवत गाडी कडेच्या मातीत घातली. आई तोपर्यंत डोळे मिटून रामनाम घेत होती.

नंतर नागपुरात महाल भागातल्या एका जुन्या मिस्त्री काकांनी चाकं खोलली. कॅलिपर भंगारातले, रंगाखाली गंज, पिस्टन अडकत होते. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे लावलेला, त्यामुळे एअर काढायचं निपल खाली आलं, आणि हवा तर वरच जमते ना, ती निघणार कशी! मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडल दाबलं की लाइनमध्ये ब्रेक ऑइल ढकलणारा पंप, जुनाच ठेवलेला. ड्रमवाल्या सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, डिस्कला तो चालत नाही, पॅड सतत घासत राहतात. त्या गरमीनं ब्रेक ऑइल उकळलं, वाफ झाली आणि पॅडल बसलं. डिस्कला ड्रमपेक्षा जास्त दाब लागतो, तरी पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचं नावही गॅरेजवाल्यानं काढलं नव्हतं. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, काकांनी मोजून दाखवली तर त्याच्याही खाली!

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो, "तुम्हीच ब्रेक दाबून ठेवले असतील." मला सगळ्यात जास्त राग मात्र दुसऱ्याच गोष्टीचा आहे. बाबांच्या वेळचे ओरिजिनल ड्रम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) त्यानं मला न विचारता विकून टाकले, म्हणजे गाडी पहिल्यासारखी करायचीही सोय ठेवली नाही.

कोणी हे काम करत असाल तर आधी विचारा, मास्टर सिलिंडर कोणता लावणार, बूस्टर आहे का, आणि जुने पार्ट पहिल्याच दिवशी घरी घेऊन या. गाडी ताब्यात घेताना निपल वर आहे की खाली ते वाकून बघा, दोन मिनिटं लागतात. पॅडल नरम वाटलं तर तिथून गाडी हलवूच नका. आणि कोणाकडे पद्मिनीचे समोरचे ड्रम हबसकट असतील तर प्लीज सांगा, दोन महिन्यांपासून शोधून राहिलो आहे, गाडी तशीच अंगणात उभी आहे.