प्रीमियर, रिझॉल्व्ह, फायनल कट की केडेनलाइव्ह: फुटेज सापडेना तेव्हा

एडिटिंग सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण इफेक्ट, कलर ग्रेडिंग आणि किंमत बघतात. जुनं प्रोजेक्ट काही महिन्यांनी उघडल्यावर काय होतं, हेही बघा असं मी म्हणेन. लग्नाची कामं घेणाऱ्यांनी तर आधी तेच बघावं. हिशेब चुकता झाला की हार्ड डिस्क कपाटात जाते, आणि पुढच्या सीझनला फोन येतो, ‘हळदीचा तेवढा भाग वेगळा काढून द्याल का?’

प्रोजेक्टच्या फाइलमध्ये सहसा व्हिडिओ नसतोच. त्यात असतात तुमचे कट, इफेक्ट आणि फुटेज कुठे ठेवलंय त्याचा पत्ता. विंडोजवर ई ड्राइव्ह म्हणून जोडलेली डिस्क पुढच्या वेळी एफ झाली, तरी पत्ता चुकला. अशा वेळी क्लिपा शोधत बसू नका. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला जुनं अक्षर परत द्या, मग प्रोजेक्ट उघडा. सॉफ्टवेअर कुठलंही असो, हा उपाय आधी.

प्रीमियर दारातच अडवतो. प्रोजेक्ट उघडताना ‘लिंक मीडिया’ची खिडकी येते आणि न सापडलेल्या क्लिपांची यादी दिसते. ‘लोकेट’ दाबून एक क्लिप दाखवली, की फोल्डरांची रचना तीच असल्यास बाकीच्या तो स्वतः जोडून घेतो. घाई असेल तर ‘ऑफलाइन ऑल’ दाबून तसंच आत जाता येतं. तिथे फुटेजच्या जागी लाल पाटी दिसते, पण कट शाबूत असतात. नवख्या माणसासाठी चौघांत हीच वागणूक मला सगळ्यात बरी वाटते.

गोची होते ती नावांमुळे. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत क्लिपांची नावं सी0001, सी0002 अशी चालतात. दोन कॅमेरे, वर मधेच कार्ड फॉरमॅट केलेलं, म्हणजे एकाच नावाच्या तीन-चार क्लिपा ठरलेल्याच. सॉफ्टवेअरने फक्त नाव पाहून जोडणी केली तर मंगलाष्टकांच्या जागी पंगत येऊ शकते, आणि कुठलीही सूचना येत नाही. प्रीमियरमध्ये नावासोबत ‘मीडिया स्टार्ट’, म्हणजे सुरुवातीचा टाइमकोड (क्लिपवर नोंदलेली वेळ), जुळवायची खूण करता येते. ती करावी. उलट, एमपी4 क्लिपा मधल्या काळात एमओव्हीमध्ये बदलल्या असतील, तर एक्स्टेन्शनवरची (फाइलनावाच्या शेवटच्या अक्षरांवरची) खूण काढली की त्या जुळतात.

दाविंची रिझॉल्व्हची तऱ्हाच वेगळी. इथे प्रोजेक्टची सुटी फाइल नसते, सगळं प्रोजेक्ट लायब्ररी नावाच्या डेटाबेसमध्ये असतं. उघडताना तो काहीच विचारत नाही. टाइमलाइनवर ‘मीडिया ऑफलाइन’ दिसल्यावर आपल्याला कळतं. मग मीडिया पूलमधल्या क्लिपांवर राइट क्लिक करून ‘रीलिंक सिलेक्टेड क्लिप्स’. अख्खा फोल्डर हलवला असेल तर ‘चेंज सोर्स फोल्डर’ जास्त सोयीचं. एक सापळा मात्र आहे: लिनक्सवरची मोफत आवृत्ती एच.264 या कोडेकमधला, म्हणजे व्हिडिओ साठवायच्या पद्धतीतला, व्हिडिओ वाचत नाही. फाइल जागेवर असूनही चित्र येत नाही आणि माणूस पुन्हा पुन्हा रीलिंक करत बसतो. तिथे फुटेज दुसऱ्या कोडेकमध्ये बदलण्याला पर्याय नाही.

रिझॉल्व्हमधलं काम दुसऱ्याकडे सोपवताना डीआरपी फाइल, म्हणजे लायब्ररीतून एक्स्पोर्ट केलेलं प्रोजेक्ट, पाठवली तर फक्त कट जातात. फुटेजसकट द्यायचं असेल तर ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’, म्हणजे डीआरए, काढावं लागतं. प्रीमियरमध्ये हेच काम ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ करतो.

फायनल कट प्रो ॲपलच्या मॅक आणि आयपॅडपुरताच, म्हणून मॅकवरचं थोडक्यात. इम्पोर्ट करतानाच तो विचारतो: फायली लायब्ररीत कॉपी करू, की आहेत तिथेच ठेवू? कॉपी केल्या तर लायब्ररी उचलली की फुटेजही सोबत येतं. जागा मात्र दुप्पट लागते.

केडेनलाइव्ह फुकट आहे म्हणून कुणी हलक्यात घेतो, पण या एका बाबतीत तो मला जास्त हुशार वाटतो. क्लिपच्या नावासोबत तो फाइलचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेली ओळख, जपून ठेवतो. फोल्डर बदला, नाव बदला, शोधायला सांगितल्यावर तो फाइल ओळखून काढतो. सी0001चा घोळ इथे बराच टळतो. मात्र फुटेज कन्व्हर्ट केलं की हॅशही बदलतो, मग हाताने दाखवावं लागतं. फुटेजसकट गठ्ठा बांधायला ‘आर्काइव्ह प्रोजेक्ट’ आहेच.

मग घ्यायचं काय? स्टुडिओत दोघं-तिघं काम करत असतील आणि प्रीमियरचं सबस्क्रिप्शन परवडत असेल, तर प्रीमियर. फक्त सगळ्यांकडे आवृत्ती एकच ठेवा, कारण नव्या आवृत्तीतलं प्रोजेक्ट जुनीत उघडत नाही. रंगांचं काम महत्त्वाचं असेल तर मी रिझॉल्व्हच घेईन, त्याची अबोल वागणूक सहन करून. जुन्या लॅपटॉपवर, लिनक्सवर, पैसे न घालता करायचं असेल तर केडेनलाइव्ह. रिझॉल्व्ह घेणाऱ्यांनी विंडोज फॉरमॅट करण्याआधी डीआरपी फायली बाहेर काढून ठेवाव्यात. लायब्ररी सी ड्राइव्हवर राहिली असेल तर फुटेज कपाटातल्या डिस्कवर सुखरूप असूनही कट गेलेले असतात.